वेगळी लाइन

"या इंडक्शन शेगडीला मीटरपासून वेगळी लाइन लागेल. जाड वायर, बत्तीस अँपिअरचा एमसीबी आणि पक्कं अर्थिंग," वायरमन म्हणाला.

"ओट्यावरच्या सॉकेटला जोडा. हे वायरिंग मी स्वतः केलंय," खांबेटे म्हणाले. वीजमंडळात त्यांची तीस वर्षं गेली होती. ती आवक-जावकच्या टेबलावर गेली होती, हे ते सहसा सांगत नसत.

वायरमनने सॉकेट उघडलं. अर्थिंगच्या भोकामागे वायरच नव्हती.

"वीस वर्षं सांगतेय, मिक्सर झिणझिण्या देतो," कुंदाताई म्हणाल्या. "म्हणून पाटावर उभी राहून वाटण करते. हे म्हणायचे, तुझ्या मनाचे खेळ."

खांबेटे चष्मा पुसू लागले.

"वेगळी लाइनच टाका, भाऊ," कुंदाताई म्हणाल्या. "काही विचारायचं असेल तर मला विचारा."

खांबेटे वायरमनचं स्टूल धरायला गेले.