गोलू काय बघते

कमलम्माच्या पत्राला उत्तर द्यायचं रेणुकादास सरांकडून राहूनच गेलं होतं. आज तिच्याच गावच्या फाट्यावर बसमधून उतरले, तेव्हाही ते पत्र त्यांच्या खिशात होतं. सोबत एक कोरं पोस्टकार्ड.

"पोस्टकार्ड लिहायचं होतं सर, प्रबंध नाही," मनस्विनी म्हणाली. ती त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता त्यांच्या पाहणीत मदतीला.

"एका घरावरून काय सांगणार गं? चुकलं म्हणजे?"

"टीव्ही विकू का, एवढंच विचारलंय बाईनं. हो म्हणा, नाही तर नाही म्हणा."

नांदेडच्या कॉलेजातून निवृत्त झाल्यावर सरांनी ही पाहणी हाती घेतली होती. लातूरला क्लासच्या पोरांची ने-आण करणारे जीपवाले पिऊन गाडी चालवतात का, आणि त्यांच्या घरची लहान मुलं टीव्ही किती बघतात. बापाच्या सवयीचा लेकराच्या सवयीशी काही धागा लागतो का, हे त्यांना पाहायचं होतं.

कमलम्माचा नवरा सिद्धलिंग याच्या घरात तो लागत नव्हता. पिऊन गाडी? कधीच नाही, असं त्यानं फॉर्मवर सांगितलं होतं. क्लासवालेही त्याला देवमाणूस म्हणत. त्याची पाच वर्षांची गोलू मात्र टीव्ही बघण्यात सगळ्या मुलांच्या पुढे.

कमलम्मानं लिहिलं होतं, "मी मेसवर पोळ्या लाटायला लातूरला जाते, अंधार पडल्यावर येते. लेकरू शाळेतून आलं की टीव्हीम्होरं बसतं. शेजारच्या कावेरीबाई सांगतात, लाइट गेली तरी उठत न्हाई. भूकंपाचे पैसे मिळाले तवा सासऱ्यानं हौसेनं घेतलेला टीव्ही हाय. पण पोरीचे डोळे जायचे. तिच्या पप्पाचा तिच्यावर लई जीव. सांजच्याला जीपमधून चक्कर मारून आणतेत. तेबी म्हणतेत, विकून टाक. सर, विकू का?"

फाट्यावरच भेटू म्हणून मनस्विनी दुसऱ्या गल्लीतले फॉर्म भरायला गेली. भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं गाव, सगळी घरं एकाच साच्यातली. सर दोन चुकीच्या दारांत खाकरून ओशाळले. तिसरं दार उघडंच होतं. बाहेरच्या उन्हामुळं आत आल्यावर त्यांना क्षणभर काही दिसेना. मग दिसली ती गोलू. चटईवर, दाराकडे पाठ करून, टीव्हीला अगदी खेटून बसलेली.

"बाळ, मी नांदेडचा सर. बसू का?"

"बसा. मधी नका बसू."

सर टीव्हीच्या शेजारी भिंतीला टेकून बसले. निरीक्षण करताना पडद्याकडे नाही, मुलाच्या चेहऱ्याकडे बघायचं, हे त्यांनीच आयुष्यभर शिकवलं होतं. गोलूची नजर हलत नव्हती. चेहऱ्यावर हसू नाही, कंटाळाही नाही.

"आवाज नाही लावत?"

"मग जीप ऐकू येत न्हाई."

"पप्पांची वाट बघतेस होय?"

"हाव."

"रोज?"

"हाव. तुमी लई बोलता."

 सरांनी पुन्हा धीर केला. "मजा येते का गं बघायला?"

"न्हाई."

"मग कशाला बघायचं?"

"बघावं लागतंय."

सरांना गलबलून आलं. इतके महिने सुटत नव्हतं ते एकदम सुटल्यासारखं वाटलं. या लेकराला टीव्ही नकोच होता. त्याला बाप हवा होता. त्यांनी पोस्टकार्ड काढलं आणि कधी नव्हे ते न अडखळता लिहिलं, "टीव्ही खुशाल विका. वडिलांनी गोलूला आणखी वेळ द्यावा."

बाहेर जीपची घरघर आली आणि थांबली. गोलू दाराकडे धावली नाही. उलट टीव्हीकडे आणखी सरकली. मग हलकेच उठली, चप्पल हातात घेतली आणि मागच्या दारानं निघून गेली. बापाला चकवायचा खेळ असणार. सर स्वतःशीच हसले.

सिद्धलिंग दारात आला आणि चौकट धरून उभा राहिला. तोंडभर हसत होता.

"गोलू! चल माय, चक्कर मारू! ... अरे, सर तुम्ही? कुठं गेली आमची बाई?"

"आत्ता तर इथं होती."

"पळाली वाटतं परत. लई लबाड." तो जवळ आला तसा दारूचा भपकारा आला. "चला, मग तुमालाच फाट्यावर सोडतो. पोरं आणायला लातूरलाच निघालोय."

"मी चालत जाईन की."

"आमच्या दारातून सर चालत जातेत व्हय? लोक काय म्हणतील! उठा, उठा."

सरांना काही केल्या नाही म्हणता येईना. निदान टीव्ही तरी बंद करावा म्हणून ते गोलूच्या चटईवर गुडघे टेकून बटण चाचपू लागले. बटण बंदच होतं. काळ्या काचेत घराचं उघडं पुढचं दार दिसत होतं, दारापलीकडे गल्ली, गल्लीच्या तोंडाशी तिरपी लावलेली जीप, आणि तिथपासून घरापर्यंतची सगळी वाट, येणारा माणूस कसा चालतोय ते नीट दिसावं अशी.

फाट्यावर सर उतरले. जीप लातूरच्या रस्त्याला लागली. ती दिसेनाशी झाल्यावर त्यांनी पोस्टकार्डावरच्या दोन्ही ओळी खोडल्या, खाली लिहिलं, "टीव्ही विकू नका. मागच्या दाराला कधी कडी लावू नका," आणि कार्ड तिथल्या टपालपेटीत टाकलं.