फ्लॅपवरचं गाव

"साधं देऊ की छापील?" असं म्हणत गोपीनाथने रबराचे चार तुकडे दुकानाच्या पायरीवर पसरले. एकावर गरुड, एकावर वाघ, एकावर 'फिर मिलेंगे'. चौथा नुसता काळा कुळकुळीत.

साईनाथच्या पिकअपचा मागचा डावा फ्लॅप, म्हणजे चिखल अडवणारं लोंबतं रबर, रिव्हर्स घेताना चाकाखाली आला आणि मधोमध फाटला. पुढच्या आठवड्यात आरटीओत गाडीचं पासिंग होतं, त्यामुळे टाळाटाळ करायला जागा नव्हती. शीळफाट्यावरच्या गोपीनाथच्या दुकानात हे काम अर्ध्या तासाचं. पण साईनाथ त्या चार तुकड्यांपुढे मुलगी बघायला आल्यासारखा संकोचून बसला होता.

"जाड घ्या, पातळ रबर हायवेवर फडफडतं. आणि जोडीच बदला," गोपीनाथ म्हणाला. "जुन्यावर गावाचं नाव आहे ना? तेच रंगवून देतो. सावरखिंडचे ना तुम्ही?"

साईनाथ रबराची जाडी बोटांनी चाचपत राहिला.

त्याला गावच नव्हतं. डोंबिवलीतल्या कोपरच्या चाळीत तो जन्मला. वडील लवकर गेले आणि जाताना मूळ गावाचं नावही कुणाला सांगून गेले नाहीत. यात एवढं काय, असं वाटेल. पण आपल्याकडे 'गाव कुठलं?' याला 'डोंबिवली' म्हणून बघा. समोरचा हसतो आणि म्हणतो, 'ते झालं हो, मूळ गाव?' मे महिन्यात चाळ रिकामी व्हायची. परत येताना लोक फणस आणायचे. चार गरे साईनाथच्या घरीही यायचे, पण ते दुसऱ्या कुणाच्या तरी गावचे असायचे. त्याला गाव हवं होतं. नुसतं हवं होतं, त्याला दुसरं काही कारण नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी आंबिवलीहून त्याने ही पिकअप सेकंडहँड घेतली. मागच्या दोन्ही फ्लॅपवर पांढऱ्या रंगात 'सावरखिंड' लिहिलेलं होतं. आज पुसू, उद्या पुसू म्हणता म्हणता आठवडा गेला आणि एका टेम्पोवाल्याने मागून येऊन दोनदा हॉर्न दिला. हात बाहेर काढून तो ओरडला, "काय गाववाले!" साईनाथनेही कधी हॉर्न दिला, ते त्याचं त्यालाच कळलं नाही. नाव पुसायचं मग कायमचंच राहिलं.

त्यात विठ्ठलकाका भेटले. दुकानासमोरच्या गोदामावर वॉचमन, वय साठीच्या पुढचं. साईनाथ तिथे आठवड्यातून दोनदा माल टाकायचा. फ्लॅप वाचून काकांनी पहिल्याच दिवशी डब्यातली अर्धी भाकरी त्याच्यापुढे केली. "सावरखिंडचा तू? मीपण तिथलाच." मग दर खेपेला त्यांचे प्रश्न सुरू झाले. गावाला गेलेलास का? विहिरीला पाणी आहे ना? देवळापुढचा चाफा फुलला का? साईनाथ बेधडक ठोकून द्यायचा. परवाच जाऊन आलो. पाणी भरपूर आहे, काका. आणि चाफा असा फुललाय की देवळाची पायरी दिसत नाही. काका डोळे मिटून ऐकायचे. सांगता सांगता साईनाथलाही तो चाफा दिसायला लागला होता. कुणाचा रे तू, असं मात्र त्यांनी कधीच विचारलं नाही. साईनाथला ते देवाचे उपकार वाटायचे.

मोबाइलवर त्याने गाव शोधून पाहिलं. कुठेच निघालं नाही. इतकं लहान गाव! त्याला ते आणखीच आवडलं. कुणाला रस्ता विचारावा, तर स्वतःच्या गावचा रस्ता कोण विचारतं?

पण आयतं आलेलं नाव मिरवणं वेगळं. स्वतःच्या तोंडाने सांगून तेच नाव रंगवून घ्यायचं, म्हणजे सरळसरळ चोरी. साईनाथने काळा तुकडा उचलला.

"साधंच बसवा. दोन्हीकडे. नाव नको."

गोपीनाथने गंजलेले बोल्ट ठोकून काढले, जुने फ्लॅप खाली टाकले. नवं रबर मापाला कापलं, जमिनीपासून वीतभर वर धरलं आणि पट्टी आवळली. काम झकास झालं होतं. साईनाथ दहा पावलं मागे जाऊन बघत राहिला. आता हॉर्न कोण देणार, असं त्याच्या मनात आलं.

तेवढ्यात रस्ता ओलांडून विठ्ठलकाका आले, गळ्यातली शिट्टी सावरत. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग वाकून फाटका फ्लॅप उचलला.

"नाव का काढलंस?"

"काका, मी सावरखिंडचा नाही," साईनाथ म्हणाला. एकदा तोंड उघडल्यावर त्याला थांबता येईना. "गाडी जुनी घेतलेली, नाव तिच्यावरच होतं. मी गाव बघितलेलंसुद्धा नाही. विहीर, चाफा, सगळं खोटं बोललो तुमच्याशी."

शिव्या खायची तयारी करून तो मान खाली घालून उभा राहिला. काकांनी फाटक्या रबरावरची माती बाहीने पुसली. मग ते गोपीनाथकडे वळले.

"पांढरा रंग आहे ना? लिहा सावरखिंड. अक्षर जरा मोठं काढा."

"पण काका, मी तिथला नाही."

"तिथलं आता कोणीच नाही, लेका. तीस वर्षं झाली गाव धरणाखाली जाऊन. आमची माणसं भेटली की बुडाल्याचंच बोलतात. चाफा फुललाय असं सांगणारा तू एकटाच आहेस."