आंबोण
गांगवोनच्या डोंगरवाडीत शेजारच्या गोठ्याला लाळ्या-खुरकुताची लागण झाली आणि ओकबुन आजीची धडधाकट गायसुद्धा मारून टाकायचा सरकारी हुकूम सुटला. पांढऱ्या पोशाखातला जनावरांचा तरुण डॉक्टर इंजेक्शन भरून दारात आला, तशी आजी लाकडी डाव उगारून आडवी आली. "आधी ती जेवेल, मग तुझी सुई!" "आजी, साहेब बाहेर बर्फात थांबलेत." "गारठू दे मेल्याला! माझ्या दारातून परका माणूससुद्धा कधी उपाशी गेला नाही. ही तर घरची आहे." तिनं पेंढा, सोयाबीन घालून शिजवलेलं आंबोण घमेल्यात ओतलं. गाय निवांत खाऊ लागली, आजी तिची मान खाजवत राहिली. जरा वेळानं बाहेरून साहेब खेकसला, "अरे, आटपलं की नाही?" गाईनं चाटून लख्ख केलेल्या घमेल्याकडे डॉक्टरनं पाहिलं, मग आजीकडे. "नाही साहेब!" तो ओरडला. "अजून खातेय!"