मागून बघणारी भिंगरी

अशी एक खोली डोळ्यांसमोर आणा, जिच्यात पाय ठेवायला जागा नाही, आणि तीही पायांतल्याच वस्तूंमुळे. पलंगावर सँडल, खुर्चीवर सँडल, खिडकीत बूट. मधोमध भिंगरीची आई, एका पायात लाल आणि दुसऱ्या पायात काळा बूट घालून उभी. आणलीत? आता तिच्याशेजारी भिंगरीची मावशी उभी करा. घरात सगळ्यात मोठा आवाज तिचाच.

आज संध्याकाळी आई पहिल्यांदाच मोठ्या सभागृहात समूहगान चालवणार होती. गाणारे तिच्यासमोर रांगांत उभे राहणार, आणि कुणी केव्हा सूर लावायचा, केव्हा थांबायचं, हे आई हातांनी सांगणार. आजवर ती मागच्या रांगेत उभी राहून गायची. तिच्या पायात काय आहे ते कोण बघतंय! पण आजचा निळा ड्रेस पोटऱ्यांपर्यंतच होता. गाडी यायची वेळ झाली होती. दोघी बहिणींचा पाय एकाच मापाचा, म्हणून मावशी आपल्या घरूनही पिशवी भरून जोड घेऊन आली होती.

"हे बघ, जसा कपडा, जसा प्रसंग, तसा जोड," मावशी एकेक उचलून दाखवत होती. "हे मऊ तळाचे, आजाऱ्याला भेटायला. आवाज होत नाही. हे बंद, साध्या कपड्यांवर, मुलाखतीला. हे मोत्यांचे, चमचमत्या कपड्यांवर. आणि हे नुसते पाय सरकवायचे, नको त्या माणसाकडे जायचं असेल तेव्हा."

"ते का?" भिंगरीने विचारलं.

"निघताना पट्टे लावत बसावं लागत नाही!"

आईला हसू आवरेना. "आणि समूहगान चालवायचे कुठले, ताईसाहेब?"

"लालच! निळ्यावर लाल. कशी उठून दिसशील!"

आईने दोन्ही लाल बूट चढवले आणि आरशासमोर उभी राहिली. समोरून झकास. बाजूने त्याहून झकास. मावशीने टाळ्या पिटल्या.

भिंगरी मात्र आरशात बघतच नव्हती. "आई, लोक कुठे बसणार?"

"खुर्च्यांवर."

"तसं नाही गं! तुझ्या पुढे की मागे?"

गाणाऱ्यांकडे तोंड म्हणजे लोकांकडे पाठ. अख्खं सभागृह आईच्या टाचा बघणार होतं.

"अगं बाई!" मावशी म्हणाली.

भिंगरी आईच्या मागे जमिनीवर पालथी पडली, हनुवटीखाली मुठी घेऊन. "मी लोक आहे. कर सुरू."

आई गुणगुणत हात हलवू लागली. सूर वर चढला, तशी तीही चवड्यांवर चढली आणि टाच बुटातून बाहेर आली. सूर उतरला. टाच परत आत. फटाक!

"गाण्यात ढोलही ठेवलाय का?" मावशीने विचारलं.

मग काळे घातले. फटाक! पांढरे घातले. फटाक! मोत्यांच्या जोडातला एक तर उडून कपाटाखाली गेला. आई हसून हसून पलंगावर कोसळली, आणि तिथेच एकदम गंभीर झाली.

"मी चवड्यांवर चढणारच नाही."

"जमेल?" भिंगरीने विचारलं.

"नाही गं. सूर वर जायला लागला की मी खाली कशी राहू?"

बाहेर हॉर्न वाजला.

"आलो, आलो!" खिडकीतून ओरडून मावशी पुन्हा पिशवी उपसू लागली. "टाच मागून धरून ठेवणारा पाहिजे. घोट्याला पट्टा, निळ्यावर शोभेल असा. नाही, तुझ्याकडे नाही, माझ्याकडेही नाही. आता ऐन वेळी असा जोड आणायचा तरी कुठून?"

पालथ्या पडलेल्या माणसाला जे दिसतं, ते उभ्या माणसांना दिसत नाही. भिंगरीच्या नाकासमोर मावशीचे पाय होते. पायांत कोऱ्या करकरीत चंदेरी सँडल, आज लोकांच्या पहिल्या रांगेत बसून मिरवायला घातलेल्या. घोट्याभोवती पट्टा, पट्ट्याला बारीकसं बकल.

मावशी अजून बोलतच होती. भिंगरी कोपरांवर सरकत पुढे गेली आणि तिच्या डाव्या पायाचं बकल सोडू लागली.