चेहऱ्याचं कुलूप

पुस्तकं बांधण्यात चाळीस वर्षं गेली की बोटांवर ठसे उरत नाहीत. कागद आणि सरस मिळून ते झिजवून टाकतात. त्यामुळे बाइंडरचा पहिला स्मार्टफोन त्याच्या अंगठ्याला काही केल्या दाद देईना. शेवटी लेकीने त्याला चेहऱ्याचं कुलूप लावून दिलं.

"बाबा, आता नुसतं बघायचं. तुमच्याशिवाय कुणालाही उघडणार नाही."

तिने स्वतःचा चेहरा समोर धरून दाखवला. फोन ढिम्म राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन टेबलावर उताणा ठेवून बाइंडर पाठमोरा शिलाई करत होता. मागे टिक् असा आवाज झाला. कुलूप उघडल्याचा तो आवाज एव्हाना ओळखीचा झाला होता. त्याने वळून पाहिलं. फोन उघडा होता आणि त्याच्या वर नुसतं छत होतं.

त्याने फोन बंद करून त्यावर पुठ्ठा ठेवला. आवाज आला नाही. पुठ्ठा काढून तो बाजूला सरला, तशी पुन्हा टिक्.

संध्याकाळी हे ऐकून लेक हसली. "नवीन आहे, बाबा. हळूहळू ओळखायला लागेल."

"कुणाला?" त्याने विचारलं. ती तोवर स्वयंपाकघरात गेली होती.

सवय होते म्हणतात, ती झाली. आठवडाभरात त्याने आवाजाकडे मान वळवणंही सोडलं.

मग एका सकाळी गिऱ्हाइकाला नंबर द्यायला त्याने फोन तोंडासमोर धरला. चष्मा पुसून पुन्हा धरला. दोन्ही वेळा पडद्यावर 'चेहरा जुळत नाही' असंच आलं.

त्याने फोन टेबलावर उताणा ठेवला आणि दोन पावलं मागे सरला.

फोन टिक् करून उघडला.