घटकाभर बसणं

माझी बायको वेरोनिका कायमची माहेरी निघाली होती. “नऊ वर्षं या बर्फात दारोदार येशू सांगत फिरलास, घरी एकदा निवांत जेवला नाहीस,” असं ती म्हणाली. ते खरंच होतं. खाली टॅक्सी उभी होती. निरोप द्यायला आलेल्या शेजारच्या तैसियाआजी म्हणाल्या, “प्रवासाआधी घटकाभर बसायचं असतं. बसा दोघं.” “आजी, ही अंधश्रद्धा आहे,” मी सवयीने म्हणालो. “प्रवचन रविवारी दे, पोरा. आता बूड टेक.” वेरोनिका बॅगेवर बसली, मी स्टुलावर. सर्वांत वडील माणूस उठेपर्यंत कुणी उठायचं नाही, अशी इथली रीत. टॅक्सीवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला, तरी आजी उठेनात. मुद्दाम खिडकीबाहेर बघत त्या मला तिच्याशी बोलायला वेळ देत होत्या. वेरोनिका माझ्याकडे पाहत होती. “मफलर घेतलास?” मी विचारलं. “घेतला.” मग आजी गुडघ्यांवर हात टेकून उठल्या.