बियाण्याचा टोमॅटो

माहेरून आणलेल्या जुन्या वाणाला यंदा एकच टोमॅटो धरला होता, पण होता चांगला पेल्याएवढा. यमूताईंनी त्याला जुन्या साडीची झोळी बांधली आणि नवऱ्याला बजावलं, “अहो, हा बियाण्याचा आहे. हात लावायचा नाही.”

मोरेश्वररावांनी हात लावला नाही. माकडाने लावला. दोघं भाचीच्या लग्नाला निघाले होते, तेवढ्यात माकडाने टोमॅटो तोडून कौलांवर नेला, एक चावा घेतला आणि तोंड वाकडं करून खाली भिरकावला. तो फुटला थेट मोरेश्वररावांच्या नव्याकोऱ्या पांढऱ्या सदऱ्यावर.

“हलू नका!” यमूताई वाटी घेऊन धावल्या. बायकोची काळजी बघून मोरेश्वरराव सुखावले. यमूताई सदऱ्यावरची एकेक बी वेचू लागल्या.

“अगं, सदरा गेला!”

“सदरे दुकानात मिळतात.”

जुना सदरा घालून ते मांडवात पोचले, तेव्हा मंगलाष्टकं चालू होती. इतक्यात यमूताईंना नवऱ्याच्या मिशीत अडकलेली एक बी दिसली. त्यांनी ती चारचौघांत अलगद टिपली आणि पदराच्या गाठीत बांधली.

मागच्या बाई शेजारणीला म्हणाल्या, “या वयातही किती प्रेम, बघा!”